तुसाचा ढीग

शोनाईच्या सपाट भातपट्ट्यात सुगाएआजीची चार खाचरं होती. त्यांतलं ओढ्याकाठचं खालचं खाचर म्हणजे गावाने ओवाळून टाकलेलं. तिथलं पाणी हटत नसे, पेंढा तळाशी कुजे आणि जुलैत पाय टाकला की बुडबुडे फुटून सडक्या अंड्याचा वास नाकात जाई. भाताची मुळं काळी पडत. मुळं सडू नयेत म्हणून आजीने नऊ वर्षं हट्टाने त्यात भाताच्या तुसाचा कोळसा मिसळला. गाव तिला ‘काळी म्हातारी’ म्हणून हसलं. हसेना का, तिला फरक पडत नव्हता.

पण आता वय एकोणऐंशी आणि गुडघ्यांनी संप पुकारलेला. शेजारच्या नाओयाने वरची तीन खाचरं कसायला घेतली, खालचं मात्र नको म्हणाला. दुसरं कुणी घेणारं नव्हतं. तिथे लव्हाळं माजणार या विचाराने म्हातारीला घास गोड लागेना.

जुलैत तिने नाओयाला त्या खाचराच्या बांधावर बोलावलं.

“बूट काढ आणि उतर.”

“आजी, मला वेळ नाही हो.”

“पाय बुडवायला मुहूर्त लागतो का? उतर म्हणते ना!”

तो उतरला. दोन-तीन बुडबुडे आले, बस्स. त्याच्या स्वतःच्या खाचरात तर भाताचं आधण आल्यासारखं व्हायचं.

“कॉलेजातून एक पोरगी आली होती, पेटी लावून या बुडबुड्यांतला मिथेन वायू मोजून गेली,” आजी म्हणाली. “तुझ्या खाचराच्या निम्म्याहून कमी निघाला. हवा कमी तापते म्हणे त्याने. हवेचं ती बघेल, मला मुळं पांढरी दिसली की झालं.”

नाओयाने एक रोप उपटून मुळं निरखली. पांढरीशुभ्र होती.

“घेतो. पण कोळसा तुम्ही करून द्यायचा.”

“मी देणार नाही. तू शिकायचंस.”

कापणी झाली आणि ऑक्टोबरात आजीच्या अंगणात तुसाचा ढीग पडला. मध्ये पत्र्याचं धुराडं, त्याच्या बुडाशी विस्तव. तूस हळूहळू आतून काळं होत जातं. कडेचं वर ओढत राहायचं आणि सगळं काळं झालं की त्याच क्षणी पाण्याने विझवून पसरायचं, नाहीतर राख होते. नाओया सकाळभर फावडं घेऊन राबला. दुपारी धान्य सुकवायचं यंत्र बंद पडल्याचा फोन आला.

“तासाभरात आलोच!” म्हणून तो पळाला.

दोन वाजता ढीग काळाभोर झाला. पाण्याची नळी आजीच्या हाताशीच होती. तिचे हात शिवशिवले. कडेला पांढरी रेघ उमटली, मग ती वर चढू लागली. नऊ वर्षांत तिने मूठभरही तूस वाया घालवलं नव्हतं. जीव तुटत होता, तरी ती स्टुलावर बसून राहिली, मुळ्याचं लोणचं चघळत.

पाच वाजता नाओया धापा टाकत आला. ढिगाची पांढरी राख झाली होती.

“अहो आजी, तुम्ही इथेच होतात ना?”

“होते.”

“मग पाणी का नाही मारलंत?”

“पुढच्या वर्षी कोण मारणार आहे?”

दुसऱ्या दिवशी उजाडताच नाओयाने नव्या तुसाची गाडी अंगणात रिकामी केली, फोन घरी ठेवून.