ठराव क्रमांक पाच

माझं अक्षर चांगलं आहे. शाळेत त्याचं कौतुक झालं, बालगृहात ते माझ्या गळ्यात पडलं.

कोथरूडमधल्या एका सोसायटीच्या मागे आमचं मुलींचं बालगृह होतं. चाळीसेक मुली, दोन मावश्या आणि एक अधीक्षिका, ज्यांना आम्ही नुसतं मॅडम म्हणायचो. नियमाप्रमाणे तिथे मुलींची बालसमिती होती. आम्ही दर महिन्याला सभा घ्यायची, जेवण, कपडे, टीव्ही, आमच्या राहण्याबद्दल जे काही असेल त्यावर बोलायचं, ठराव करायचा आणि तो मोठ्यांनी ऐकायचा, असं कागदावर होतं. सभा काही होत नसे. सभेचं रजिस्टर मात्र होतं.

तपासणीची मंडळी येणार असं कळलं की मॅडम मला ऑफिसात बोलवायच्या, पुढ्यात चहा ठेवायच्या आणि मागच्या तीन महिन्यांच्या सभा एका दुपारी उरकायच्या. त्या सांगायच्या, मी लिहायचे. एका महिन्याला निळं पेन, दुसऱ्याला काळं. प्रत्येक ठरावाखाली ‘सर्वानुमते मंजूर’. त्याखाली ठराव मांडणारी सूचक आणि तिला पाठिंबा देणारी अनुमोदक. ही नावं मी हजेरीपटावरून ओळीने घालायचे. जिला वरण बघवत नाही तिच्या नावावर मी ‘वरण घट्ट असावे’ असा ठराव खपवला होता. मला त्याची गंमत वाटायची, आणि खरं सांगायचं तर थोडा मानही.

त्या वेळी मी पंधरा वर्षांची होते आणि धाकटी बहीण अकराची. आई गेली, वडिलांचा ठावठिकाणा नव्हता, म्हणून दोघी तिथे आलो होतो. तिच्या वेण्या मी घालायचे. तिच्या ताटातलं कारलं मी खायचे. तिच्याकडे कुणी वाकड्या नजरेने पाहिलं तर मी अंगावर जायचे, मग ती मुलगी माझ्या दुप्पट का असेना.

त्या दुपारी मी रजिस्टर लिहीत बसले होते तेव्हा धायरीची आमची आत्या आली. तिने मला पाहिलं, पण मी जणू कपाटच आहे अशी बोलत राहिली.

“धाकटीला नेते मी, मॅडम. दोन खोल्या हायत, माझी दोन पोरं हायत, त्यात ही खपून जाईल. मोठीचं न्हाई जमायचं. वयात आलेली पोर, जबाबदारी नको वाटते.”

मॅडम म्हणाल्या, मूल कुणाकडे द्यायचं ते बालकल्याण समिती ठरवते, पुढच्या आठवड्यात फाइल तिच्यासमोर ठेवू. मग त्यांनी एक फॉर्म काढला आणि आत्याला विचारून विचारून भरला. त्यात ‘मुलीचे मत’ असा एक रकाना होता. तो भरताना मात्र त्यांनी कुणालाच विचारलं नाही. सरळ लिहिलं, ‘जाण्यास तयार आहे.’ मी उलटं वाचत होते, पण स्पष्ट वाचलं. माझं डोकं असं फिरलं की हातातलं पेन कागदात रुतलं.

पाण्याचा टँकर आला म्हणून मॅडम बाहेर गेल्या, आत्या त्यांच्या मागोमाग. चार ठराव लिहून झाले होते. मी पाचवा लिहिला.

‘सख्ख्या बहिणींना वेगळे करू नये. करायचेच असल्यास आधी त्यांना समोर बसवून विचारावे. सर्वानुमते मंजूर.’ सूचक म्हणून माझं नाव घातलं, अनुमोदक म्हणून धाकटीचं. अक्षर नेहमीपेक्षा सुबक काढलं.

मॅडम परत आल्या त्या फोनवर बोलतच. त्यांनी नेहमीप्रमाणे न वाचता खाली सही ठोकली.

तपासणीला अजून तीन दिवस होते. मॅडमनी रजिस्टरचं कपाट उघडलं की मी काहीतरी निमित्त काढून ऑफिसाच्या दाराशी जायचे. पानांवर छापील आकडे होते, त्यामुळे फाडायचीही सोय नव्हती. धाकटीला मी काहीच सांगितलं नाही. तिच्या पोटात काही राहत नाही, असं मी स्वतःला समजावलं.

तपासणीच्या दिवशी आम्हाला हॉलमध्ये रांगेत बसवलं. तिघं जण आले होते. त्यातल्या एका बाईंनी, चेहऱ्यावरून तरी निवृत्त मुख्याध्यापिका वाटाव्यात अशा, चष्मा चढवला आणि रजिस्टर चक्क वाचायला घेतलं. आजवर कुणी ते वाचलं नव्हतं.

“सगळं सर्वानुमते?” त्या म्हणाल्या. “वा! आमच्या सोसायटीत कचऱ्याचा डबा कुठे ठेवायचा यावर तीन सभा झाल्यात. डबा अजून जिन्यातच आहे.”

त्यांनी पान उलटलं, थांबल्या, आणि पाचवा ठराव मोठ्याने वाचला.

मॅडमचा चेहरा उतरला. त्यांनी आधी स्वतःच्या सहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी नजर हलवली नाही.

“ही सभा झाली होती ना?” बाईंनी विचारलं.

नाही म्हणाल्या तर आख्खं रजिस्टर खोटं. हो म्हणाल्या तर माझा ठराव खरा. पंखा गरगरत होता आणि मॅडम पदराने मान पुसत होत्या. मला त्यांची जराही दया आली नाही, उलट मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

“झाली की,” मॅडम म्हणाल्या.

“सूचक कोण?”

मी हात वर केला. मग बाईंनी धाकटीचं नाव घेतलं. ती दचकून उभी राहिली. आपण कशाला पाठिंबा दिलाय हे तिला आत्ताच कळत होतं.

“बाळ, हे तुझं म्हणणं आहे का?”

तिने माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनीच विनवलं, फक्त हो म्हण.

“मला आत्याकडे जायचंय,” ती म्हणाली. मग आणखी हळू म्हणाली, “ताई चिडेल म्हणून बोलले नव्हते.”

त्यानंतर हॉलमध्ये कोण काय बोललं ते मला आठवत नाही. मॅडमनी तिला न विचारता लिहिलं होतं ते खरं निघालं. मी तिला न विचारता लिहिलं ते खोटं. फॉर्मवर मी इतकी संतापले होते, आणि तेच मी सुबक अक्षरात करून बसले होते. मला लाज वाटली, पण त्याहून जास्त वाटला राग. तिचा, आत्याचा, वरणाच्या ठरावाचासुद्धा.

दोन आठवड्यांनी ती गेली. मी वेण्या घालून दिल्या, जरा जास्तच घट्ट.

“ताई, तू चिडलीस?” तिने विचारलं.

“हो,” मी म्हणाले. “पण तू जा.”

मॅडम मला रागावल्या नाहीत. महिनाअखेर त्यांनी रजिस्टर माझ्या हातात दिलं आणि कोरडेपणाने म्हणाल्या, “घे आता सभा. एवढी हौस आहे ना.” त्या स्वतः कोपऱ्यात खुर्ची टाकून बसल्या. टीव्हीच्या वेळेवरून मुली तासभर एकमेकींच्या उरावर बसल्या. शेवटी एक ठराव कसाबसा उभा राहिला. मी सूचकाचं नाव लिहिलं आणि सवयीने पेन खालच्या ओळीवर नेलं. हजेरीपटावर पुढचं नाव कुणाचं, ते मला पाठ होतं.

मी पेन उचललं. “अनुमोदक कोण?” असं विचारलं, आणि कुणाचा तरी हात वर होईपर्यंत तशीच थांबले.