सासऱ्यांच्या खळ्यावरचं रॉकेट

तमाम जावई, सासरे आणि भाताच्या उडव्या उघड्यावर रचणारे शेतकरी यांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, बदलापूर गावाच्या हद्दीत लाल रंगाचं, आरशासारखं चकाकणारं, कागदाचं रॉकेट उडवण्याचा मान माझा आहे. याबाबत माझ्या सासुरवाडीकडून वेगळी हकीकत कानी आल्यास ती खोटी समजावी.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी उल्हासनगरात कॅम्प चारला राहायचो आणि अंबरनाथ एमआयडीसीत नोकरी करायचो. एकदा रद्दीच्या दुकानात परदेशी मासिक मिळालं. त्यात टक्कल पडलेले बापये मैदानात गुडघ्यांवर बसून कमरेएवढी रॉकेटं उडवत होते आणि त्यांच्या बायका शेजारी उभ्या राहून हसत होत्या. मला रॉकेटांपेक्षा त्या बायकांचंच नवल वाटलं. माझं लग्न नुकतंच झालं होतं. माझी बायको हसली नाही. तिने फक्त मोरीवरची एक फळी मला मोकळी करून दिली आणि सांगितलं की पसारा त्या फळीच्या खाली उतरला तर तो मोरीत जाईल.

ड्रॉइंगचा कागद डिंक लावून प्लास्टिकच्या पाइपवर गुंडाळला, ती झाली नळी. पंख प्लायवूडच्या सुट्या सालीचे. टोकाचा शंकू पांगाऱ्याचा, कारण ते लाकूड हलकं. तो फर्निचर बाजारातल्या एका सिंधी दुकानदाराने खरादावर काढून दिला. हातात घेऊन त्याने तो उलटसुलट केला आणि माझ्याकडे फार कणवेने पाहिलं. "साईं, एक ही पाया? पलंग गिर जाएगा."

खरं काम त्यानंतर सुरू होतं. गुंडाळलेल्या कागदाची कड नळीवर उभ्या रेघेसारखी दिसते. ती बुजवायला लांबी, म्हणजे रंगाऱ्यांची पुट्टी, भरायची, वाळली की पॉलिश पेपरने घासायची, पुन्हा भरायची, पुन्हा घासायची. मग प्रायमर. मग रंग. मग पाणी लावून वॉटरपेपर, आणि पुन्हा रंग. मी हे सगळं मन लावून केलं आणि रॉकेट फळीवर उभं केलं. त्याच रविवारी सासरे लेकीला भेटायला आले.

सासऱ्यांची हयात अंबरनाथच्या एका कंपनीत इन्स्पेक्टर म्हणून गेली होती. दुसऱ्यांनी केलेल्या मालात खोट काढायची, याचाच त्यांना पगार मिळायचा. निवृत्त होऊन ते बदलापूरला शेती बघू लागले, पण सवय सुटली नव्हती आणि माल मिळत नव्हता. मी आयताच सापडलो. त्यांनी रॉकेट उचललं, डोळे मिटले आणि अंगठ्याचं नख नळीवरून हळूहळू फिरवलं.

"कड लागते," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता लेकीला विचारलं, "पोरी, यांना पगार वेळेवर मिळतो ना?"

ते गेल्यावर मी सगळा रंग घासून पुन्हा लांबी भरली. पुढच्या खेपेला ते म्हणाले, रंग संत्र्याच्या सालीसारखा आलाय. मी पुन्हा घासला, पुन्हा मारला. त्याच्या पुढच्या खेपेला पंखांच्या बुडाशी सांध्यात खड्डा निघाला. तोही भरला. आता घासायचा धीर माझ्यात उरला नव्हता, म्हणून जुन्यावरच नवे थर चढत गेले, आणि प्रत्येक थर मी त्यांचा चेहरा डोळ्यांसमोर आणून चढवला. द्वेषासारखं दुसरं पॉलिश नाही. शेवटी पावसाळा सरला तेव्हा ते रॉकेट असं झालं होतं की बायको त्यात बघून टिकली लावायची. सासऱ्यांनी नख फिरवलं, उलटं करून फिरवलं, चष्मा पुसून परत फिरवलं. काही सापडलं नाही. त्यांनी ते फळीवर ठेवून दिलं.

"दिसायला बरं हाय. उडायचं नाय."

झालं. आता ते उडवणं भागच होतं.

पण उडवायचं कुठे? उल्हासनगरात वर बघितलं तर आधी तारा दिसतात, मग वाळत घातलेले कपडे, आणि उरलंच तर आकाश. एमआयडीसीत तर विडी पेटवली तरी वॉचमन धावत येतो. राहिलं सासऱ्यांचं खळं. शिवाय आत बसवायला बाजारातल्या मोठ्या बाणाची नळी लागणार, म्हणजे मुहूर्त दिवाळीचाच. आणि दिवाळीला सासऱ्यांच्या खळ्यावर वर्षाचं सगळं भात कापून, भारे बांधून, उडवी रचून ठेवलेलं असायचं. झोडणी व्हायची असायची. मी विषय काढताच ते म्हणाले, "ठिणगी पडली तर वर्षभर आम्ही सगळे तुमच्याकडे जेवायला. जागा करून ठेवा मोरीवर."

त्यांचं म्हणणं रास्त होतं, म्हणूनच मला जास्त राग आला.

आमचा पहिला दिवाळसण पाडव्याला होता. जावयाला त्या दिवशी पाटावर बसवतात, ओवाळतात, आणि मागितलेलं मिळेपर्यंत रुसून बसायचा त्याचा हक्क असतो. शहाणे जावई घड्याळ मागतात, अंगठी मागतात, आगाऊ असले तर स्कूटर. मी ताट पुढे सरकवलं आणि खळं मागितलं. दुपारपुरतं.

सासूबाईंच्या हातातली करंजी हातातच राहिली. जावई उपाशी उठला तर गावात तोंड कुठे दाखवायचं, हे त्यांना कळत होतं. सासऱ्यांना उडवी दिसत होती. त्यांनी मान हलवली नाही. मीही ताट जवळ ओढलं नाही. बायको म्हणाली की तुम्ही दोघं एकमेकांना शोभता, आणि स्वतः जेवायला बसली.

हा तिढा सुटला तो शेजारच्या ओट्यावरून. तिथे सासऱ्यांचे चुलतभाऊ राहायचे. दोघांची खळी लागून होती, मध्ये एक बांध, आणि त्या बांधापायी दोघांचं बोलणं कित्येक वर्षं बंद होतं. काही सांगायचंच झालं तर ते आपापल्या बैलांना सांगायचे. सासरे म्हणायचे, "चल रे, दुसऱ्याचा बांध कोरून कुणाचं पोट भरत नाय." चुलतभाऊ म्हणायचे, "खा रे बाबा, तुला खायला तरी येतं, कुणाला नुसतं जळायला येतं." आमची भानगड भिंतीपलीकडे ऐकू गेली असणार. चुलतभाऊ बैलाच्या पाठीवर थाप मारून मोठ्याने म्हणाले, "बघ राजा, लोकांचे जावई सणाला उपाशी उठतात."

सासऱ्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"उडवा," ते मला म्हणाले. "पण मी पाणी घेऊन बसणार."

आणि बसले. विहिरीवरून बादल्या भरून आणल्या, पोती भिजवून उडवीवर पसरली, आणि तिच्यापुढे पाय रोवून माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी रॉकेट नाही, दरोडा घेऊन आलोय. बांधाच्या पलीकडे चुलतभाऊ येऊन उभे राहिले. आमच्याकडचं काहीतरी पेटावं, एवढीच त्यांची सणाची अपेक्षा होती.

मी वात पेटवली आणि मागे पळालो. रॉकेट फुसफुसलं. जागचं हललं नाही. सासरे हसणार, एवढ्यात ते उठलं. इतके थर अंगावर वागवत ते जड झालं होतं. जेवून उठलेल्या व्याह्यासारखं ते सावकाश वर चढलं, आंब्याच्या शेंड्यापर्यंत गेलं, तिथे त्याचं लाल पोट उन्हात एकदा झळकलं, आणि मग मान टाकून आडवं झालं. सासऱ्यांनी बादली उचलली. रॉकेट त्यांच्या उडवीवरून गेलं, बांधावरून गेलं आणि पलीकडच्या, चुलतभावाच्या उडवीत नाकावर घुसलं. मी घडी करून आत ठेवलेलं छत्रीच्या कापडाचं पॅराशूट त्यानंतर निघालं आणि भाऱ्यांवर नीट पसरलं.

दारू वरच जळून गेली होती. उदबत्तीएवढा धूर आला आणि थांबला. चुलतभावांनी जवळ जाऊन पाहिलं. "इझलंय. काय नाय," ते म्हणाले, आणि त्यांचं म्हणणं बरोबर होतं.

पण सासऱ्यांनी तोवर बांध ओलांडला होता. पहिली बादली रॉकेटवर गेली. दुसरी बाजूच्या भाऱ्यांवर. चुलतभाऊ आता सरळ त्यांच्याशीच बोलू लागले, मध्ये बैल नाही, काही नाही. "अरे, इझलंय सांगतो ना. भात भिजतंय माझं."

"ठिणगीचं काय सांगता येत नाय," सासरे शांतपणे म्हणाले. त्यांनी हाताने भारे बाजूला केले, नख लावून कुठे कोरडं राहिलंय ते तपासलं, आणि तिथे पाणी ओतलं. मग परत गेले, आणखी बादल्या आणल्या. त्या संपल्या तेव्हा स्वतःच्या उडवीवरची ओली पोती नेऊन तिकडे एकेक करून पिळली. सासूबाई ओट्यावर पदर तोंडात धरून उभ्या होत्या. खांदे हलत होते, पण त्या रडत नव्हत्या.

चुलतभाऊ सासऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. सासरे निथळतं रॉकेट काखेत मारून, बांध ओलांडून, धापा टाकत माझ्यापुढे येऊन उभे राहिले, आणि आवाज जराही खाली न आणता, पलीकडे स्पष्ट ऐकू जाईल असं म्हणाले, "जावईबापू, असलं आणखी एक हाय का?"