रुगारेच्या आईचं तुंबलेलं गटार

आमच्या मुफाकोसे वस्तीत संडास तुंबला की लोक आधी अक्कल गहाण टाकतात आणि मग मुरांडांना बोलावतात. मधल्या आठवड्यात उकळतं पाणी ओतून होतं, कॉस्टिक सोडा ओतून होतो, कुणाचा तरी मेहुणा तारेचा हँगर आत घालतो आणि तो तिथेच अडकवून निघून जातो. मग सेकुरू मुरांडा येतात. सेकुरू म्हणजे आजोबा. सारी वस्ती त्यांना तसंच म्हणते, पण त्यांना वस्तीतल्या कुणाबद्दल आजोबाची माया असल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

बावीस वर्षं या माणसाने नगरपालिकेच्या गटारांत काढली. एकदा साहेबाच्या तोंडावर म्हणाले, तुमचा नकाशा चुकलाय. नकाशा खरंच चुकलेला निघाला, म्हणून साहेबाने त्यांना घरी बसवलं. तेव्हापासून निळा डगला, गमबूट आणि सळयांची मोळी घेऊन ते पायी फिरतात. फार फटकळ माणूस. चहा दिला तर आधी तुमच्या मोरीकडे बघतात, मग कपाकडे. मला एकदा म्हणाले, तू शिकलेली दिसतेस, मग मोरीत तेल का ओततेस? मी महिनाभर त्यांच्याशी बोलले नाही. तेल ओतणं मात्र बंद केलं.

गेल्या जुलैत, म्हणजे आमच्याकडच्या भर हिवाळ्यात, कुंपणापलीकडे रुगारेच्या आईकडे तुंबलं. घर तिचं. मागच्या खोलीत कुंदाईची आई भाड्याने राहते. नवरा दक्षिणेत खाणीवर गेला तो गेलाच, आणि कुंदाई अजून रांगतही नाही. घाण पाणी अंगणात आलं तशी घरमालकीण गल्ली गोळा होईल एवढ्या आवाजात ओरडली, की ही बया पोरीचे लंगोट संडासात टाकते, महिनाअखेर खोली रिकामी कर. कुंदाईची आई म्हणाली, सगळे लंगोट दोरीवर आहेत, मोजून घ्या. मोजायला कुणी गेलं नाही. ऐन थंडीत तान्ह्या पोरीसकट तिला खोली कोण देणार, हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं आणि सारी गल्ली गप्प बसली. त्यात मीही होते.

सेकुरू आले. रुगारेच्या आईने त्यांना फाटकातच गाठून सांगितलं, लंगोटच निघणार आहेत, निघाले की चारचौघांत दाखवा. एवढं ठाऊक होतं तर मला कशाला बोलावलंत, असं म्हणून ते तिला ओलांडून पुढे गेले.

चेंबर काठोकाठ भरलेलं होतं. सळईला सळई जोडत त्यांनी रस्त्याकडच्या पाईपात सरकवल्या. आत कापड असतं तर सळई मऊ रुतली असती. ही करकरली. तासाभराने पाणी घळघळ उतरलं आणि सेकुरूंनी तळातून तीन बादल्या राखाडी वाळू उपसली. लंगोट एकही नाही. मग त्यांनी संडासात बादलीभर पाणी ओतायला लावलं, चेंबरमध्ये नुसतं पाणी आलं. स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये ओतायला लावलं, तर पाण्याबरोबर वाळू आली.

वाळूने भांडी घासणं हे आमच्याकडचं खूळ. ओढ्याची वाळू आणायची आणि पातेल्यात तोंड दिसेपर्यंत घासायचं, म्हणजे बाई घरंदाज ठरली. ती वाळू पुढे जाते कुठे, हा प्रश्न एकाही घरंदाज बाईला पडत नाही.

रुगारेच्या आईचा चेहरा पडला, पण क्षणभरच. "मी कुठे भांडी घासते?" ती म्हणाली. "भांडी हीच घासते. मग झालं ना हिनेच केलेलं?"

ते खरं होतं. खोली टिकावी म्हणून मालकिणीची भांडी कुंदाईची आईच घासायची, तीही फुकट. ती मान खाली घालून उभी राहिली. गल्लीतल्या बायकांनी लगेच माना डोलावल्या. आम्हाला डोलवायला काहीही चालतं.

सेकुरूंनी सावकाश हात धुतले. "पोरी, तुझी स्वतःची पातेली आण."

तिने आणली. दोनच होती. बुडं काळी कुळकुळीत.

"आता माई, तुमची दाखवा."

दाखवायची गरजच नव्हती. स्वयंपाकघराचं दार सताड उघडं होतं. काचेच्या कपाटात मोठ्यापासून लहानापर्यंत एकोणीस पातेली लखलखत होती. त्यांतल्या निम्म्यांत कधी मक्याच्या पिठाचा रोजचा साद्झासुद्धा शिजलेला नाही. ती पाहुण्यांनी बघायची.

"हिने स्वतःसाठी वाळू वापरली असती तर ही दोन काळी राहिली असती का?" सेकुरू म्हणाले. "हात हिचे आहेत, हौस तुमची आहे. मी तुमची हौस उपसतोय सकाळपासून."

कुणीतरी फिस्कन हसलं. रुगारेच्या आईने पदर सारखा केल्यासारखा गळ्याभोवतीचा रुमाल सारखा केला आणि म्हणाली, बरं, राहू दे तिला, मी काय खरंच हाकलत होते का.

कुंदाईच्या आईने वाकून आपली दोन पातेली उचलली. "राहते, माई," ती म्हणाली. "पण उद्यापासून तुमची तुम्ही घासा."