लांजेवारांच्या बाटल्या

‘टाकाऊतून टिकाऊ’ हे शब्द हल्ली माझ्यासमोर कुणी उच्चारले तर मी उठून आत जाते. शाळेत तीस वर्षं मी स्वतः मुलांकडून आइस्क्रीमच्या काड्यांचे पेनस्टँड करून घेतले, तेव्हा हे बोलायचा मला हक्क आहे. ज्यांना टाकाऊ काय आणि टिकाऊ काय हे कळत नाही, त्यांनी त्याच्या स्पर्धा भरवू नयेत. आणि त्या न कळणाऱ्यांत मीही होते, हे आधीच सांगून टाकते.

आमची कॉलनी भोपाळच्या बरखेड्याला लागून. तिथल्या मोठ्या सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेल्या लोकांनी क्वार्टर सोडताना इथे छोटी छोटी घरं बांधली. माझ्या शेजारी लांजेवार. गजाननराव कारखान्यात टर्नर होते. लेथच्या नुसत्या आवाजावरून ते सांगत की हत्यार बोथट झालंय. कुसुमताई भंडाऱ्याकडच्या. लग्न होऊन भोपाळला आल्या त्याला चाळीस वर्षं झाली, पण बोलण्यातला ‘जी’ काही सुटला नाही.

या बाईंच्या घरातून कचऱ्याच्या गाडीत काही पडलेलं मी क्वचितच पाहिलं. म्हणून घर भंगाराने भरलेलं असेल असं समजू नका. साठवून ठेवणारी माणसं वेगळी असतात. कुसुमताईंकडे प्रत्येक वस्तूला काम लागलेलं असे. कूलरचं जुनं गवत कुंड्यांच्या तळाशी, म्हणजे पाणी जातं आणि माती राहते. कुकरचं सैल झालेलं रबर कापून मिक्सरच्या पायांखाली, म्हणजे मिक्सर ओट्यावर नाचत नाही. टोमॅटोची झाडं जुन्या पायमोज्यांनी बांधलेली, कारण सुतळीने खोड कापतं. कोथिंबीर गजाननरावांच्या विरलेल्या बनियनमध्ये गुंडाळून फ्रिजमध्ये. मी पहिल्यांदा ती पाहिली तेव्हा नाक मुरडलं होतं. आता माझ्याही फ्रिजमध्ये बनियन आहे.

दोनेक वर्षांपूर्वी कुसुमताईंनी सगळ्यांकडून काचेच्या रिकाम्या बाटल्या मागायला सुरुवात केली. सॉसच्या, सरबताच्या, कसल्याही. मीही सात-आठ दिल्या. काही दिवसांत त्यांच्या फाटकापासून कोपऱ्यावरच्या बागेतल्या बाकापर्यंत, रस्त्याच्या कडेने त्या बाटल्यांची रांग दिसू लागली. तोंड मातीत, बूड वर. आम्हाला वाटलं, फुलझाडांना कठडा करताहेत. झाडं काही आली नाहीत, तेव्हा वाटलं, राहिलं असेल. गजाननराव रोज सकाळी हातात मोडक्या छत्रीची दांडी घेऊन त्या बाटल्यांना टकटक करत बाकापर्यंत जात, तासभर बसत आणि परत येत. म्हातारपणचा एक चाळा, असं मी माझ्या नवऱ्याला म्हटल्याचं मला चांगलं आठवतं.

मग शहराच्या स्वच्छतेची पाहणी जाहीर झाली. आमच्या कॉलनीच्या समितीचे अध्यक्ष जितेंद्रजी यांच्या अंगात संचारलं. पाहणीची टीम आपल्या कॉलनीत येणार, आणि ‘कबाड़ से जुगाड़’ नावाचा एक कोपरा असला तर जास्त गुण मिळणार. मी समितीची सेक्रेटरी. नोटीस मीच लिहिली, आणि काय झोकात लिहिली! ‘रस्त्याच्या कडेला ठेवलेलं सर्व भंगार समिती उचलून नेईल.’ डोळ्यांसमोर होते मेलेल्या स्कूटर आणि फुटके कमोड. बाटल्यांचा विचार मनाला शिवलाही नाही.

गुरुवारी ट्रॉली आली. लांजेवार दोघंही त्या दिवशी डोळ्यांच्या दवाखान्यात गेले होते, परतले तेव्हा अंधार पडला होता. ट्रॉलीवाल्यांनी बाटल्या उपटल्या, धुतल्या, आणि कॉलनीच्या तोंडाशी मातीचा ढीग करून त्यात खोचल्या. वर निळा, हिरवा, गुलाबी रंग मारला. मोर झाला. मोराचं तोंड मात्र महाराणा प्रताप नगरातल्या दुकानातून विकत आणलेलं, नवंकोरं. याला म्हणे जुगाड.

शुक्रवारी सकाळी मी गच्चीवर झाडांना पाणी घालत होते. गजाननराव रस्त्याच्या मधोमध उभे दिसले. दूधवाला हॉर्न वाजवत त्यांना वळसा घालून गेला. मी वरून ओरडले, “काय गजाननराव, आज इथेच थांबलात?” त्यांनी हसून हात केला, पण माझ्याकडे नाही, समोरच्या घराकडे. मला त्याचंही काही वाटलं नाही. मी चहा टाकायला खाली गेले. चहा झाला, पेपर झाला. अर्ध्या तासाने कुसुमताई त्यांना हाताला धरून घरात नेताना दिसल्या.

थोड्या वेळाने त्या माझ्या फाटकाशी आल्या. “मंजूषाताई, आमच्या बाटल्या कुठे गेल्या जी?”

“अहो, तुमच्या बाटल्यांचा मोर झालाय!” मी म्हटलं. अगदी कौतुकाने म्हटलं.

त्या तिथेच पायरीवर बसल्या आणि मग मला सगळं सांगितलं. काचबिंदूने गजाननरावांची नजर दीड वर्षापूर्वीच गेली होती. पूर्ण. आम्हाला वाटे कमी दिसतं. ते कळू देत नसत, माणूस आवाजावरून ओळखून नावाने हाक मारत. नजर जाणार हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कुसुमताईंनी बाटल्या पुरायला घेतल्या. रिकामी बाटली टणकन वाजते. वाळू भरून बूच मारलेली नुसती ठक् करते. दोन ठक् म्हणजे पुढे नालीवरची फरशी आहे, पाय उचलून टाका. तीन ठक् म्हणजे वळा, बाक आला. दिसत होतं तोवर दोघांनी मिळून सराव केला आणि मग गजाननराव एकटे जाऊ लागले.

“दिवसातून तेवढाच तास तो माणूस कुणाच्या हाताशिवाय राहतो,” कुसुमताई म्हणाल्या. “आज रस्त्यात उभे होते, पण कुणाला हाक मारली नाही. लाज वाटली म्हणतात.”

लाज त्यांना वाटली! वाटायला हवी होती मला, जी वरून हाका मारून चहा प्यायला गेली.

मी तडक जितेंद्रजींकडे गेले. ते म्हणाले, “बताना तो चाहिए था ना, भाभीजी।” का म्हणून? स्वतःच्या फाटकाबाहेर पाऊल टाकायला माणसाने आपलं आंधळेपण नोटीस बोर्डावर लावायचं का? हे मी त्यांना तोंडावर विचारलं. त्यावर ते म्हणाले, “संडे को टीम आ रही है। उसके बाद सब वापस लगवा देंगे, दो दिन की ही तो बात है।” आणि मी, मोठी तावातावाने गेलेली, तशीच परत आले. माझ्या हातांना काय झालं होतं? मोर तिथेच होता, जाऊन उपटायचा होता. उलट मी कुसुमताईंना निरोप दिला की दोनच दिवसांचा प्रश्न आहे.

त्या दोन दिवसांत गजाननराव घराबाहेर आले नाहीत. जितेंद्रजींची हिंमत मात्र बघा. त्यांनी कुसुमताईंनाच सांगून पाठवलं की टीमसमोर मोराजवळ उभं राहून दोन घरगुती टिप्स द्या, आपका तो नाम है। त्या येतील असं मला वाटलं नव्हतं. पण त्या आल्या, हातात खुरपं आणि रिकामी बादली घेऊन.

टीममध्ये दोन मुली आणि एक मुलगा, तिघांच्या हातात टॅब. जितेंद्रजी भाषण करत होते. कुसुमताई मोरापाशी गेल्या, खाली बसल्या आणि पिसाऱ्यातली पहिली बाटली उपटून बादलीत टाकली. मग दुसरी.

“भाभीजी, ये क्या कर रही हैं आप?” जितेंद्रजी दातओठ खात पुटपुटले.

एका मुलीने कुतूहलाने विचारलं, “आंटी, ये डेमो है?”

“नहीं बेटा,” कुसुमताई म्हणाल्या, “ये रास्ता है।”

आणि त्या मुलीला त्यांनी सगळं सांगितलं, हात न थांबवता. मी पुढे झाले आणि उपटायला बसले. माझ्या पाठोपाठ आणखी चार-पाच जणी आल्या. जितेंद्रजी टीमला बागेचा फलक दाखवायला घेऊन गेले, पण ती मुलगी आमच्यातच राहिली. तासाभरात बाटल्या जागेवर गेल्या. वाळूच्या कुठल्या ते कुसुमताई हातात घेताच वजनावरून सांगत होत्या. रंगासकटच पुरल्या, घासत बसायला वेळ नव्हता. मला तर फार बरं वाटलं. चूक केली, ती निस्तरली, असं वाटलं.

मग कुसुमताईंनी गजाननरावांना फाटकापाशी आणलं आणि हात सोडला. त्यांनी छत्रीची दांडी पुढे केली. टण. एक पाऊल. टण. दुसरं पाऊल. आम्ही सगळ्या बघत होतो. पूर्वी सरळ चालत जाणारा तो माणूस तिसऱ्या बाटलीशी थांबला. दांडी हवेत तशीच राहिली.

“कुसुम,” त्यांनी विचारलं, “पुढची आहे ना?”

“आहे जी.”

टण. पुन्हा थांबले. “आणि त्याच्या पुढची?”

बाकापर्यंत ते प्रत्येक बाटलीला हेच विचारत गेले, आणि कुसुमताई प्रत्येक वेळी उत्तर देत त्यांच्या मागून चालत गेल्या. याला आता चार महिने झाले. एकही बाटली हललेली नाही. पण रोज सकाळी अजूनही ते दोघं जातात.