मालनचा परकर

गुरुवार, ६ फेब्रुवारी २०२५. पाणी उशिरा आले. सकाळी मालनला परळच्या डॉक्टरांकडे नेले. येताना टॅक्सीत ती खिडकीकडे तोंड करून बसली होती.

मालन माझ्या समोरच्या खोलीत राहते. माणसं देवगडकडची, नवरा गिरणीत होता. तो गेल्यावर तिने डबे करून श्रेया आणि स्वप्नीलला वाढवलं. पदर खोचलेला, आवाज आधी गॅलरीत यायचा, मग ती. गेल्या गणपतीत तिच्या कमरेवर नागीण उठली. कुणी गेरू लावला, कुणी सांगितलं की तोंडाला शेपटी मिळाली की माणूस संपतो. फोड सुकले तेव्हा सगळे म्हणाले, "सुटलीस बाई."

ती सुटली नव्हती. कातडी कोरी झाली, पण कपडा नुसता टेकला तरी निखारा ठेवल्यासारखं व्हायचं. परकराची नाडी नेमकी तिथेच. साडी सुटली, सैल गाऊन आला, आणि गाऊनवर मालन जिना उतरेना. डबे बंद पडले. मग दारही लोटलेलं राहू लागलं. हाक मारली तर आतून नुसतं "हां".

स्वप्नील वाईट मुलगा नाही. पण दिसत काहीच नाही, म्हणून आई मनात धरून बसली आहे असं त्याला वाटतं. डॉक्टरांनी दिलेल्या गोळीचं नाव त्याने मोबाइलवर पाहिलं. "आई, ही तर डिप्रेशनची गोळी. वेड लागलंय का तुला?" नाताळच्या सुमारास तिने परस्पर गोळ्या सोडल्या.

आज डॉक्टरीणबाईंना तिने तेच विचारलं. "माका येड लागलाहा?"

"नाही हो. नागिणीने नस दुखावली आहे, ती दुखतेच. मेंदूत एक प्रथिन असतं, पेशींना खतासारखं. दुखणं लांबलं की मेंदूच्या काही भागांत ते कमी होतं, आणि मन खचतं तेव्हाही कमी झालेलं दिसतं. कण्यात मात्र तेच वाढून दुखणं भडकवतं. सगळं कोडं आम्हालाही सुटलेलं नाही. पण ही गोळी नसेच्या दुखण्यावरही चालते."

"खत कमी, तर युरिया द्या ना," मालन म्हणाली. किती दिवसांनी तिची चेष्टा ऐकली! डॉक्टर हसल्या, पण गुण यायला काही आठवडे लागतील, आणि रोज थोडं चाला, असं म्हणाल्या. तिथे मालनचं तोंड पुन्हा उतरलं. श्रेयाचं डोहाळजेवण येत्या रविवारी आहे.

संध्याकाळी स्वप्नील माझ्याकडे आला. "मावशी, तुम्ही तरी सांगा. ताईच्या सासरचे काय म्हणतील? दोन तास साडी नेसली तर मरणार आहे का ती?"

"मरत नाय, हाच तर वांधो आसा," समोरच्या अर्धवट दारातून मालन म्हणाली.

तो उठला. आईच्या खोलीत गेला, नव्या पाकिटातली गोळी तिच्या हातावर ठेवली आणि पाण्याचा पेला धरून उभा राहिला. तिने घेतली.

मी तिचा परकर मागून घेतला. नाडी काढली आणि खांद्यावरून दोन पट्टे शिवले, शाळेत आमचे पिनाफोर असायचे तसे. साडी खोचायची नाही, वरच्या वर पिनांनी टाचायची. तिने घालून पाहिलं. गॅलरीच्या टोकापर्यंत गेली आणि कठड्याला धरून थांबली. वरच्या ओठावर घाम होता.

"जमतंय का गं?"

"झोंबता," ती म्हणाली. "पण लेकीक एकदा बघून येतंय. मगे गाडीत काढून ठेवीन."

"गाडीत?" स्वप्नील.

"गाऊन पिशवीत घे, म्हणजे झाला."

रविवारपर्यंत गोळीचा काही उपयोग नाही, हे आम्हा तिघांनाही ठाऊक आहे.

पांढऱ्या दोऱ्याचे रीळ संपले. परकराची काढलेली नाडी धुऊन दोरीवर वाळत घातली.