आमच्या घराची फळी

आमच्या गावच्या वहाळावर, म्हणजे ओढ्यावर, ये-जा करायला लाकडी साकव आहे, वर कौलांचं छप्पर असलेला. तो कुणी बांधला ते कुणालाच सांगता येत नाही, पण कुठली फळी कुठल्या घरची, हे सगळ्यांना पाठ. पावसाळ्याआधी ज्याने त्याने आपली फळी बदलायची. दुसऱ्याच्या फळीला कुणी हात लावत नाही. तो त्या घराचा अपमान.

आमचं घर आठ वर्षं बंद आहे. परवा गेलो, तर मधली एक फळी कुजून खचलेली. आमचीच. फटीतून खालचं पाणी दिसत होतं. तेवढ्यात समोरून शेजारच्या सुमतीकाकू डोक्यावर गवताचा भारा घेऊन आल्या.

"काकू, जपून!" मी ओरडलो.

त्यांनी खाली पाहिलंसुद्धा नाही. त्या फळीपाशी त्यांचं पाऊल आपसूक लांब पडलं. "कधी आलास रे?" त्यांनी हसून विचारलं.

मागून त्यांची पाच वर्षांची नात येत होती. तिचे पाय केवढेसे! मी हात पुढे करेपर्यंत तिने टुणकन उडी मारली आणि जेमतेम पुढच्या फळीच्या कडेवर उतरली.

आमच्या घरात कधी माणसं राहत होती, हे त्या पोरीला ठाऊक नाही. उडी मात्र तिला शिकवावी लागली आहे.