पिशवीतली आडवी

आता काय सांगू तुम्हाला, वज्रेश्वरीला मी एकदा नवस बोलले होते. आधी माझा पाळणा हलू दे, मग धाकट्या जावेचा. तोवर गोड खाणार नाही. देवीला असा नंबर लावून द्यायचा नसतो, हे मला कुणी सांगितलंच नाही.

तर मध्यंतरी आमची धाकटी, वैशाली, जेवेनाशी झाली. सासूबाई तिच्यासाठी रोज मऊ शिरा करू लागल्या. रवा भाजायची मी, तूप सोडायच्या त्या, आणि खायची ती. माझ्या तापातसुद्धा कधी इतकं तूप सुटलं नव्हतं हो!

एक दिवस ती धामणकर नाक्यावरच्या दवाखान्यातून आली ती थेट सासूबाईंच्या खोलीत. मी दाराआड. आमच्या कामतघर वस्तीत शेजारचे कापडाचे लूम चालू असले की निम्मं बोलणं त्यातच विणलं जातं. मला ऐकू आलं ते एवढंच, "फोटोत दिसली... पिशवी वाढलेय... आत आडवी झोपलेय... काढावी लागेल."

पिशवी? आडवी? म्हणजे सिझर. आणि 'झोपलेय' म्हणजे मुलगी! पोट दिसत नव्हतं, पण जळणाऱ्याला पोट कुठे दिसतं?

देव्हाऱ्यासमोर बसून देवीला विचारलं, माझा नंबर कुठे गेला? पोटभर रडले. मग म्हटलं, असू दे, काकू तर होईन. संध्याकाळी चार शेजारणी जमवल्या, हिरवा खण आणि नारळ घेऊन ओटी भरायला बसले.

वैशालीचा गाल लिंबाएवढा सुजलेला. कशीबशी म्हणाली, "ताई, ओटी कशाला?"

"पिशवीतल्या आडवीसाठी."

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "अगं, अक्कलदाढ हाय ती. पोर न्हाय."

जबड्यात आडवी अडकलेली दाढ, तिच्याभोवती हाडात वाढलेली पाण्याची पिशवी. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी भूल देऊन दोन्ही काढल्या, पिशवी तपासायला पाठवली. रिपोर्ट चांगला येईपर्यंत मी चप्पल घातली नाही. आला, चांगला आला. वैशाली अजून सगळ्यांना सांगते, माझं बाळंतपण ताईंनी केलं.

भीतीने मीही जबड्याचा फोटो काढून घेतला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुम्हाला अक्कलदाढ नाहीच. सासूबाई म्हणाल्या, "त्याला फोटो कशाला लागतो?"

तुम्हीही गाल सुजला तर नुसता बाम चोळत बसू नका, एक फोटो काढा. नवसही बोला, माझा अजून चालूच आहे. फक्त दाराआडून पिशवी ऐकू आली तर, बाई, आधी विचारा, कसली?